हौशी प्रवास-छायाचित्रण आणि प्रवासवृत्त

हौशी प्रवास-छायाचित्रण आणि प्रवासवृत्त म्हणजे सहल, तीर्थयात्रा, गिरिभ्रमण किंवा दूरचा प्रवास यांच्या निमित्ताने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता काढलेली छायाचित्रे आणि त्यांच्यासोबत सांगितलेली किंवा लिहिलेली हकीकत इतरांपर्यंत पोहोचवण्याची रीत होय. कौटुंबिक आल्बम, मित्रमंडळींपुढे पडद्यावर दाखवलेल्या स्लाइड, दिवाळी अंकातील सचित्र लेख, भ्रमणध्वनीवरून पाठवलेली चित्रे आणि आंतरजालावरील मुक्त संग्रह ही या रीतीची कालानुरूप बदलत गेलेली रूपे होत. अशी छायाचित्रे मुळात आठवणीसाठी काढली जातात. तथापि त्यांसोबत स्थळ, काळ व प्रसंग यांची नोंद असेल, तर कालांतराने ती स्थानिक इतिहासाचे साधन ठरतात. नोंद नसेल, तर काढणाऱ्याच्या पश्चात त्यांचा अर्थ लावणे कठीण होते. प्रस्तुत लेखात या रीतीची वाटचाल, नोंदीचे तंत्र, कायदा, नीती आणि जतन यांची माहिती दिली असून उदाहरणादाखल यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तीर्थस्थान घेतले आहे.

## संज्ञा व स्वरूप

मराठीत 'हौशी' हा शब्द उपजीविकेसाठी नव्हे, तर आवडीपोटी एखादी कला जोपासणाऱ्याला लावला जातो. हौशी रंगभूमीप्रमाणेच हौशी छायाचित्रणातही कौशल्याचा अभाव गृहीत धरलेला नाही. धंदेवाईक छायाचित्रकार मागणीनुसार काम करतो. हौशी माणूस काय टिपायचे ते स्वतः ठरवतो. त्यामुळे वृत्तपत्रांना किंवा स्टुडिओला ज्याचे प्रयोजन नाही अशा गोष्टी, उदाहरणार्थ रस्त्यावरचे उपाहारगृह, एसटी स्थानकावरील पाटी, वाटेतला जिनिंग कारखाना, उन्हाळ्यात आटलेली नदी, हौशी संग्रहातच प्रामुख्याने सापडतात.

'प्रवासवर्णन' हा मराठीतील मान्यताप्राप्त वाङ्मयप्रकार आहे. अनंत काणेकर यांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' ही त्याची परिचित उदाहरणे होत. 'प्रवासवृत्त' ही संज्ञा त्याहून साध्या लेखनासाठी वापरता येते. कोठे गेलो, कसे गेलो, काय पाहिले, किती वेळ लागला, कोण भेटले, याची सरळ हकीकत म्हणजे प्रवासवृत्त. छायाचित्राखाली किंवा पाठीमागे लिहिलेली एखादी ओळ, जिला वृत्तपत्रसृष्टीत 'चित्रओळ' म्हणतात, ही या वृत्ताचे सर्वांत लहान रूप होय.

## पूर्वपीठिका

### छायाचित्रणापूर्वीची स्थळनोंद

पाहिलेल्या स्थळांची नोंद ठेवण्याची मराठी परंपरा छायाचित्रणाहून पुष्कळ जुनी आहे. महानुभाव पंथाच्या 'स्थानपोथी' या ग्रंथात श्रीचक्रधरस्वामी ज्या गावी गेले व राहिले, तेथील देवळे, मठ व वसतीच्या जागा यांची दिशांसह नोंद केलेली आढळते. कोणते देऊळ कोणत्या बाजूस व त्याचे दार कोणीकडे, अशा तपशिलामुळे भाविकांना ती स्थाने ओळखता आली आणि अभ्यासकांना यादवकालीन गावांची कल्पना करता आली. भक्तीपोटी केलेली नोंद पुढे इतिहासाच्या कामी आल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे. दक्षिणा मिळवून घरची गरिबी दूर करावी या हेतूने ते उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीतच होते. त्यांची हकीकत चिं. वि. वैद्य यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध झाली. गोडसे हे लेखक नव्हते, इतिहासकारही नव्हते. त्यांनी जे पाहिले ते तपशिलाने सांगितले, म्हणूनच सामान्य माणसाच्या नजरेतून आलेला तो वृत्तांत आजही वाचला जातो.

### छायाचित्रणाचे आगमन

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली आणि अल्पावधीतच हे तंत्र भारतात आले. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. तिच्या कामात भाग घेणाऱ्या एतद्देशीयांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा समावेश होता. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून 'द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' ही मालिका काढली. तिच्या अंकांत छायाचित्रांच्या मूळ प्रती चिकटवलेल्या असत आणि सोबत वर्णनपर मजकूर दिलेला असे. चित्र आणि वृत्त यांची जोड घालण्याची कल्पना याप्रमाणे भारतीय छायाचित्रणाच्या पहिल्या काही वर्षांतच रुजली होती. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेले रॉबर्ट गिल यांनीही पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांची वास्तूंची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ग्रंथरूपाने आली.

त्या काळी काचेच्या पट्ट्या, रसायने व तंबू बरोबर न्यावा लागत असल्याने प्रवासात छायाचित्रे काढणे फार थोड्यांना शक्य होते. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेला कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला. चित्रे काढून झाल्यावर कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा आणि तयार छायाचित्रे परत घ्यायची, अशी व्यवस्था होती. १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा आला. छायाचित्रण रसायनांच्या खोलीतून बाहेर पडून सहलीच्या पिशवीत गेले ते या दोन टप्प्यांमुळे.

### रोल व आल्बमचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी मध्यमवर्गाच्या घरी पोहोचलेला कॅमेरा बहुधा आग्फा क्लिक-३ हा असे. त्यात '१२०' क्रमांकाचा रोल बसे आणि त्यावर बारा चौकोनी चित्रे निघत. पुढे याशिका, हॉटशॉट यांसारखे ३५ मिलिमीटर फिल्मचे कॅमेरे आले व एका रोलवर छत्तीस चित्रे काढता येऊ लागली. फिल्म, धुलाई व छपाई यांचा खर्च लक्षात घेता प्रत्येक चित्र विचारपूर्वक काढले जाई. सबंध तीर्थयात्रेला एकच रोल पुरवायचा असल्यास मंदिराचे एक, कुटुंबाचे एक, नदीकाठचे एक अशी मनाशी वाटणी करावी लागे.

एक रोल संपायला कधी कित्येक महिने लागत. त्यामुळे एकाच रोलवर गणपतीची आरास, दिवाळीतील सहल व माघातील लग्न एकापाठोपाठ आढळते. निगेटिव्हच्या पट्टीवर चित्रांचे क्रमांक असल्याने हा क्रम टिकून राहतो आणि एका चित्राची तारीख माहीत असेल, तर शेजारच्या चित्रांचा काळ अजमावता येतो. आल्बममधील चित्रे विषयवार लावून निगेटिव्ह टाकून दिल्या, की हा आधार नाहीसा होतो.

छायाचित्रे दाखवण्याचा प्रसंग हा त्या काळच्या आतिथ्याचा भाग होता. काळ्या जाड कागदाची पाने, कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोणी कोने आणि मध्ये पातळ पारदर्शक कागद असा आल्बम पाहुण्यांच्या हाती दिला जाई व यजमान प्रत्येक चित्राची हकीकत सांगत. ही हकीकत प्रायः तोंडी असल्याने आल्बम उरला तरी वृत्त उरले नाही, ही मराठी घरांतील सार्वत्रिक स्थिती आहे. ज्यांनी चित्राच्या पाठीवर दोन ओळी लिहून ठेवल्या, त्यांचे संग्रह आज वाचता येतात.

## कळंबचे उदाहरण

कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव यवतमाळहून वर्धा व नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. चक्रावती नदीकाठच्या या गावातील चिंतामणी मंदिर विदर्भातील अष्टविनायकांत गणले जाते. नागपूरची टेकडी, अदासा, रामटेक, केळझर, भंडारा, पवनी व भद्रावती ही उरलेली स्थाने होत. मंदिर भोवतालच्या जमिनीच्या पातळीहून खाली असून दर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. मंदिराच्या पुढे कुंड आहे. गौतम ऋषींच्या शापातून मुक्त होण्यासाठी इंद्राने येथे गणेशाची आराधना केली, अशी आख्यायिका सांगितली जाते.

कळंब हे यवतमाळकरांच्या एका दिवसाच्या सहलीचे ठिकाण आहे. सकाळी निघून दर्शन घ्यावे, बरोबर आणलेला डबा सावलीत उघडावा आणि दिवस मावळायच्या आत परतावे, असा त्या सहलीचा साधा आराखडा असतो. अशा ठिकाणची हौशी छायाचित्रे पुढील तीन कारणांनी लक्ष देण्याजोगी आहेत.

### कुंडाचे पाणी

कुंडाचे पाणी दर बारा वर्षांनी वर येऊन चिंतामणीच्या चरणांना स्पर्श करते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा विचार बाजूला ठेवला, तरी भूजलाची पातळी ही विदर्भासारख्या अवर्षणाचा अनुभव असलेल्या प्रदेशात महत्त्वाची माहिती आहे. जमिनीखाली असलेल्या मंदिरातील व कुंडातील पाणी किती वर आले, हे त्या दिवशी तेथे गेलेल्या कुटुंबाच्या छायाचित्रात आपोआप नोंदले जाते. मुलांना काठावर उभे करून काढलेल्या चित्रातही मागची पायरी कोरडी आहे की बुडालेली, हे दिसते. मात्र या माहितीचा उपयोग होण्यासाठी तारीख हवी. तारखेविना ते केवळ पाण्याचे चित्र असते. तारखेसह ते त्या वर्षीच्या पाण्याचे मोजमाप होऊ शकते. निरनिराळ्या घरांतील अशी दहावीस चित्रे कालक्रमाने लावल्यास कुंडाचा काही दशकांचा आलेख डोळ्यांपुढे येऊ शकेल. भाविक व अभ्यासक या दोघांनाही तो हवासा वाटेल.

### बदलते मार्ग

तीर्थस्थानाची मूर्ती तीच राहते, तेथवर जाण्याची वाट बदलते. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रेल्वेमार्गाच्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले आणि रस्त्यावर अवलंबून असलेले कळंब रेल्वेच्या नकाशावर आले. त्यापूर्वीच्या एसटी प्रवासाची, थांब्यांची आणि रस्त्यालगतच्या झाडांची चित्रे आता मागच्या काळाची झाली आहेत.

याच जिल्ह्यातील 'शकुंतला' या गाडीचे उदाहरण बोलके आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर असा ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा अरुंद लोहमार्ग कापसाच्या वाहतुकीसाठी टाकला गेला. १९९० च्या दशकात तिच्या कोळशाच्या इंजिनाची जागा डिझेल इंजिनाने घेतली आणि पुढे गाडीही थांबली. दूरदूरच्या रेल्वेप्रेमींनी मुद्दाम येऊन इंजिनाची चित्रे काढली. पण डब्यात बसलेली माणसे, त्यांची गाठोडी, स्थानकावर उतरलेली शाळकरी मुले ही रोजच्या प्रवाशांनी काढलेल्या चित्रांतच सापडण्याची शक्यता अधिक.

### नावांचा घोटाळा

कळंब नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. धाराशिव जिल्ह्यातील कळंब हेही तालुक्याचे गाव आहे. पुणे व रायगड जिल्ह्यांत कळंब आहे. वसईजवळ कळंबचा समुद्रकिनारा आहे. दैवताच्या नावाचीही तीच गत: पश्चिम महाराष्ट्रातील अष्टविनायकांपैकी थेऊरचा गणपतीही चिंतामणीच आहे. 'चिंतामणी दर्शन' किंवा 'कळंब, १९८४' एवढेच लिहिलेले छायाचित्र म्हणूनच दुसऱ्या पिढीच्या हाती संदिग्ध होते. सार्वजनिक संग्रहांत एका कळंबची चित्रे दुसऱ्या कळंबच्या नावे चढण्याचे मूळ या अपुऱ्या चित्रओळीत असते.

## चित्रओळ व वृत्त यांचे तंत्र

उपयुक्त चित्रओळीत पाच गोष्टी असतात: स्थळ (गाव, तालुका व जिल्ह्यासह), दिनांक किंवा निदान वर्ष व ऋतू, चित्रात दिसणारी वस्तू, चित्र कोठे उभे राहून व कोणत्या दिशेस पाहत काढले ते, आणि काढणाऱ्याचे नाव. माणसे असल्यास डावीकडून उजवीकडे त्यांची नावे घरगुती प्रतीवर लिहिण्याची पद्धत आहे. दिनांक आठवत नसेल, तर जवळचा प्रसंग नोंदवणेही पुरते. 'धाकटीच्या बारशानंतरच्या पहिल्या चतुर्थीला' अशा टिपणावरून कुटुंबातील कोणीही वर्ष काढू शकतो.

पुढील दोन काल्पनिक नमुन्यांवरून हा फरक ध्यानात येईल.

* पहिला नमुना: 'चिंतामणीची सहल. खूप मजा आली.'
* दुसरा नमुना: 'कळंब (जि. यवतमाळ), चिंतामणी मंदिरापुढील कुंड, भाद्रपदातील सकाळ. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पाणी वरून चौथ्या पायरीपर्यंत. चित्र मंदिराकडे पाठ करून काढले. यवतमाळहून पहिल्या एसटीने आलो. आत्या पायऱ्या उतरू शकत नसल्याने वरूनच नमस्कार करून थांबली.'

दुसऱ्या नमुन्यात शब्द थोडे अधिक आहेत. परंतु त्यातून पाणी, पाऊस, वाहन, आणि वृद्धांना त्या मंदिरात जाणे किती कठीण होते ही सामाजिक बाबही कळते. प्रवासवृत्तात भावनेला मज्जाव नाही. आत्या वर थांबली, या साध्या वाक्यातही ती आहेच. केवळ 'नयनरम्य', 'अविस्मरणीय' अशा विशेषणांनी मात्र वाचकाला स्थळाची ओळख होत नाही.

वृत्त लिहिताना पाहिलेले व ऐकलेले वेगळे ठेवणे इष्ट समजले जाते. कुंडातील पाण्याची पातळी ही पाहिलेली गोष्ट आहे. इंद्राची कथा ही ऐकलेली. दोन्ही नोंदवण्याजोग्या आहेत, पण 'असे पुजारी सांगतात', 'असे गावात मानतात' असा निर्देश केल्याने पुढील वाचकाची दिशाभूल होत नाही.

एकाच जागी उभे राहून काही वर्षांच्या अंतराने तेच दृश्य पुन्हा टिपण्याच्या पद्धतीला पुनर्छायाचित्रण म्हणतात. हिमनद्या, नदीपात्रे व शहरे यांच्यातील बदल अभ्यासण्यासाठी जगभर तिचा वापर होतो. घरातील जुने चित्र बरोबर नेऊन त्याच ओट्यावर, त्याच झाडाखाली नवे चित्र काढणे हा तिचाच घरगुती प्रकार असून शालेय सहलींत तो सहज करता येतो.

## अंकीय काळ

अंकीय कॅमेरा व त्यानंतर कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी आल्यावर चित्राचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. बारा चित्रांच्या जागी एका सहलीत शेकडो चित्रे निघू लागली. यंत्र चित्रासोबत दिनांक, वेळ आणि परवानगी दिलेली असल्यास अक्षांश-रेखांशही संचिकेत आपोआप साठवते. रोलच्या काळात जी नोंद मुद्दाम करावी लागे, ती आता काही अंशी न करता होते.

तरीही ही नोंद नाजूक आहे. यंत्राचे घड्याळ चुकीचे असेल, तर दिनांकही चुकतो. जुने चित्र स्कॅन केल्यास संचिकेवर स्कॅन केल्याचा दिवस पडतो, चित्र काढल्याचा नव्हे. व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या चित्राचा आकार घटवला जातो व त्यातील स्थळकाळाची माहिती गळून पडते. चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मूळ संचिका जशीच्या तशी पोहोचते. नातेवाइकांच्या गटात फिरून परत आलेले चित्र हे याप्रमाणे मूळ चित्राची निकृष्ट व निनावी प्रत असते.

सेवा बंद पडण्याचा धोकाही आहे. २००५ मध्ये सुरू झालेली पॅनोरामिओ ही सेवा लोकांनी काढलेली चित्रे नकाशावरील नेमक्या जागी दाखवत असे. २००७ मध्ये गूगलने ती घेतली व नोव्हेंबर २०१६ मध्ये ती बंद झाली. लहानसहान गावांची हौशी चित्रे पाहण्याची ती मोठी सोय होती. एकाच सेवेवर आपला संग्रह सोपवू नये, हा धडा यातून घेतला जातो.

मुक्त संग्रहांची पद्धत यापेक्षा वेगळी आहे. विकिमीडिया कॉमन्स हा २००४ साली सुरू झालेला प्रकल्प कोणालाही वापरता येतील अशा चित्रांचा साठा करतो. तेथे चित्र देणारा आपला प्रताधिकार गमावत नाही. श्रेयनिर्देशासारख्या अटींवर तो सर्वांना वापराची परवानगी देतो. 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही वारसास्थळांच्या छायाचित्रांची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली व २०१२ पासून भारतातही होऊ लागली. मराठी ज्ञानकोशीय लेखांतील अनेक मंदिरांची, किल्ल्यांची व गावांची चित्रे अशाच हौशी मंडळींनी दिलेली असतात.

## कायदा

भारतात छायाचित्रांना प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू होतो. सर्वसाधारणपणे चित्र काढणारी व्यक्ती ही त्याची पहिली प्रताधिकारी असते. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे जातो. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. इमारती, तसेच सार्वजनिक जागी कायम बसवलेली शिल्पे यांचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने मोकळीक दिली आहे. दुसऱ्याने काढलेले चित्र केवळ आपल्या भ्रमणध्वनीवर आले म्हणून ते आपले होत नाही.

केंद्र संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणावर असलेले निर्बंध २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर उठवण्यात आले. अजिंठा लेणी व ताजमहालाची मुख्य कबर यांसारखे मोजके अपवाद ठेवले गेले. मंदिरांतील नियम त्या त्या देवस्थानाचे असतात. पुष्कळ ठिकाणी गर्भगृहात चित्रण करता येत नाही.

## नीती

कायद्याने ज्यास आडकाठी नाही, ते सर्वच योग्य असते असे नाही. कुंडावर, घाटावर स्नान करणाऱ्यांची, दुःखात असलेल्यांची किंवा लहान मुलांची चित्रे संमतीविना इतरांना दाखवणे अनुचित मानले जाते. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम या आदिम समाजाची वस्ती असून त्यांच्या वस्त्यांना 'पोड' म्हणतात. पोडावर जाऊन न विचारता चित्रे काढणे, नावगाव न लिहिता 'आदिवासी स्त्री' अशी चित्रओळ देणे, यामुळे माणसाचे प्रदर्शनीय वस्तूत रूपांतर होते. संमती घेणे, नाव लिहिण्याविषयी विचारणे आणि चित्राची प्रत त्या घरी पोहोचवणे ही त्यावरील सरळ रीत आहे.

वन्यजीवांच्या बाबतीत स्थळनोंदीचा नियम उलटा लागू होतो. याच जिल्ह्यात पांढरकवड्यानजीक टिपेश्वर अभयारण्य आहे. वाघाचे किंवा घरट्याचे चित्र नेमक्या जागेसह तत्काळ प्रसृत केल्यास शिकारी व गर्दी या दोहोंना वाट दाखवली जाते. म्हणून अशा चित्रांतून अक्षांश-रेखांश काढून टाकून केवळ अभयारण्याचे नाव देण्याचा संकेत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या वेळी भ्रमणध्वनी नेण्यासच मनाई करण्यात आली आहे.

## जतन

कृष्णधवल छायाचित्रातील प्रतिमा चांदीच्या कणांची असते. नीट धुतलेली प्रत दीर्घकाळ टिकते. रंगीत छायाचित्र रंगद्रव्यांचे बनलेले असते आणि ती द्रव्ये सारख्या वेगाने फिकी होत नाहीत. १९७० व १९८० च्या दशकांतील पुष्कळ रंगीत चित्रे आज लालसर दिसतात ती निळसर द्रव्य आधी उडून गेल्यामुळे. उष्णता व दमटपणा यांनी ही झीज वाढते. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याखालील माळ्यावर ठेवलेला आल्बम आणि पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीलगतची ट्रंक या दोन्ही जागा छायाचित्रांना घातक आहेत. चिकट पानांच्या आल्बममधील गोंदही काही वर्षांनी चित्रावर डाग पाडतो.

जतनाचे पुढील उपाय सर्वसाधारणपणे सुचवले जातात.

* आल्बम व निगेटिव्ह घराच्या आतील, कोरड्या व त्यातल्या त्यात थंड खोलीत ठेवावेत.
* चित्राच्या पाठीवर शाईऐवजी मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे; शाई पाझरते व बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.
* चार बाय सहा इंचांची प्रत ६०० डीपीआयने स्कॅन केल्यास सुमारे २४०० × ३६०० बिंदूंची संचिका मिळते; ती पुन्हा छापण्यास पुरेशी असते. पाठीवरचा मजकूरही स्कॅन करावा.
* संचिकेच्या नावात वर्ष व स्थळ घालावे.
* तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी असा दंडक पाळावा.
* स्कॅन झाल्यावर मूळ प्रत व निगेटिव्ह टाकून देऊ नयेत.

यांपैकी सर्वांत निकडीचे काम माहिती लिहून घेण्याचे आहे. फिकट झालेला रंग संगणकावर बराचसा सुधारता येतो; परंतु चित्रातील माणसे ओळखणारी शेवटची व्यक्ती गेल्यावर ती ओळख कोणत्याही यंत्राने परत येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांसमवेत आल्बम उघडून बसणे व त्यांचे बोलणे लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवणे, हा शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना देता येण्याजोगा उपक्रम आहे. त्यासाठी खर्च लागत नाही, वेळ मात्र काढावा लागतो.

## महत्त्व व मर्यादा

गावाचा दृश्य इतिहास मुख्यतः मोठ्या घटनांच्या व मोठ्या माणसांच्या चित्रांतून जपला जातो. रोजचे जीवन त्यात अपवादानेच येते. हौशी संग्रह ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात. लुगडे जाऊन साडी आली, बैलगाडीच्या जागी जीप आली, दगडी ओट्यावर फरशी बसली, देवळाभोवतीची दुकाने वाढली, असे बदल त्यांतून वर्षानुवर्षे दिसत जातात.

मात्र या संग्रहांना मर्यादा आहेत. कॅमेरा ज्याच्या घरी होता, त्याचेच जग त्यात आहे. शेतमजूर, वेचणीला जाणाऱ्या स्त्रिया, फिरस्ते यांच्या घरी आल्बम नव्हता आणि इतरांच्या चित्रांत ते पार्श्वभूमीला येतात. चित्रे सणासुदीची व सुखाच्या दिवसांची असतात. दुष्काळातील, आजारपणातील दिवस सहसा कोणी टिपत नाही. चित्र काढणारी व्यक्ती स्वतः चित्रात नसते. म्हणून अशा संग्रहावरून निष्कर्ष काढताना चित्रात कोण आहे यासोबत कोण नाही, हेही विचारावे लागते. भ्रमणध्वनी सर्वत्र पोहोचल्याने ही विषमता आता कमी होत आहे. पण चित्रांची संख्या वाढली तरी नोंद वाढलेली नाही. पुढील पिढीला आजच्या सहलींतून काय हाती लागेल, हे या नोंदीवरच अवलंबून राहील.

## हेही पहा

* कळंब (यवतमाळ)
* विदर्भातील अष्टविनायक
* शकुंतला रेल्वे
* स्थानपोथी
* प्रवासवर्णन
* छायाचित्रण